रिक्षातलं बाळ

"मृणाल सिस्टर, तुम्ही तर एकदम मधोमध," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तशा सगळ्याजणी लिफ्टशेजारच्या भिंतीकडे सरकल्या.

विनिता मागेच राहिली. हातातलं बीपीचं मशीन तिने उगाचच या हातातून त्या हातात घेतलं. ठाण्याच्या या हॉस्पिटलला तीस वर्षं झाली म्हणून जुन्या कृष्णधवल फोटोंचं भलंमोठं कोलाज आज सकाळीच भिंतीवर चढलं होतं. पहिली अँब्युलन्स, मोठे डॉक्टर, कौलारू कॅन्टीन. आणि मधोमध, इतरांच्या चौपट आकाराची, मृणाल. पांढरी साडी, डोक्यावर टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ. खाली ओळ होती : 'रिक्षातलं बाळ, १९९९. सिस्टर मृणाल.'

ते बाळ विनिताने काढलं होतं.

कोलशेतहून निघालेली रिक्षा गेटपाशी पोहोचली तेव्हाच बाळाचं डोकं बाहेर आलं होतं. स्ट्रेचर येईपर्यंत थांबायची सोय नव्हती. विनिता रिक्षात गुडघे टेकून बसली, गळ्याभोवतीचा नाळेचा वेढा बोटाने सोडवला, निळं पडलेलं पोर उलटं धरून चोळलं, रडवलं. मग बाईचं रक्त थांबवायचं म्हणून बाळ मागे उभ्या असलेल्या मृणालच्या हातात दिलं. नेमका त्या दिवशी रक्तदान शिबिराचे फोटो काढायला पेपरवाला आलेला. त्याने कॅमेरा वळवला. दुसऱ्या दिवशी पेपरात मृणाल.

दोघी एकाच महिन्यात लागलेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या. त्या फोटोनंतर विनिता महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पुढे बोलू लागली, पण मोजकंच. मृणाल इन्चार्ज झाली, मेट्रन झाली. दर नर्सेस डेला कुणीतरी रिक्षातल्या बाळाची गोष्ट सांगायचं आणि विनिता टाळ्या वाजवायची. टिटवाळ्याच्या घरी पोहोचेपर्यंत तिचं डोकं भणभणत राहायचं. नवरा म्हणायचा, "इतकी वर्षं झाली, सोड ना आता." सोडायचं कसं, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही.

आता तर भिंतीवरच चढली होती ती. विनिताच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते.

पण फ्लॅश उडाला तेव्हा आपण तिथेच होतो, हे तिला पक्कं आठवत होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच ऑफिसात गेली. कोलाज केलेली वल्लरी कॉम्प्युटरवर बसली होती.

"तो मधला फोटो पूर्ण आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे ना सिस्टर. पेपरवाल्यांकडून निगेटिव्हच मिळाली. थांबा हं."

फोटो उघडला. मृणालच्या डाव्या बाजूला रिक्षा होती आणि रिक्षाला टेकून विनिता. कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हात. पुरावा होता. इतकी वर्षं पुरावा होता.

"मग कापलास का?"

"मी अख्खाच लावणार होते. मृणाल सिस्टर म्हणाल्या, इथून काप."

"असं म्हणाली?"

"हो. म्हणाल्या, विनिताला हा फोटो बघवणार नाही."

विनिता स्क्रीनजवळ वाकली. फोटोतला रिक्षावाला, वॉचमन, मृणाल, सगळे बाळाकडे बघत होते. एकटी विनिता मृणालकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे असे की वल्लरीनेही नजर बाजूला वळवली. आणि विनिताच्या पाठीमागे, रिक्षाच्या अंधारातून आलेल्या एका हाताने तिचा पदर मुठीत धरला होता.

तो हात तिला अजिबात आठवत नव्हता.

"बदलू का सिस्टर? अख्खा लावू?"

"नको," विनिता म्हणाली. "आहे तो बरा आहे."

ती जिना चढून मेट्रनच्या खोलीत गेली. मृणाल पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"बघितलास?"

"हं." विनिता समोरच्या खुर्चीत बसली. "त्या बाईचं नाव काय होतं गं?"

"वैशाली. केमिकल कंपनीत पॅकिंगला होती."

"तुझ्या लक्षात आहे?"

"चार दिवस होती ना. रोज विचारायची, पहिल्या सिस्टर कुठायत, ज्यांनी मला धरलं त्या. तू मुद्दाम वरच्या मजल्यावर ड्यूटी मागून घेतलेलीस."

विनिताने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"डिस्चार्जच्या दिवशी तिच्या नवऱ्याने पेढे आणले. एक पुडा तुझ्यासाठी वेगळा. मी आपल्या खोलीत तुझ्या कॉटवर ठेवलेला. तुला वाटलं माझा आहे. न उघडता मावश्यांना देऊन टाकलास."

"सांगायचंस ना मला."

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

मृणालच्या आवाजात राग नव्हता. तिने पेन खाली ठेवलं.

"पेपरवाल्याला मी म्हटलेलं, हे विनिताने केलंय म्हणून," ती हळूच म्हणाली. "पण जोरात नाही म्हटलं. तेही खरंय."

खाली कोलाजपुढे कुणाचा तरी फोटो काढणं चाललं होतं, हसण्याचे आवाज वर येत होते. विनिता उठली नाही. मृणालने फोन उचलून कॅन्टीनला दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा, आणि ड्यूट्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला.