सुकटीच्या टोपलीतली चिनी चहाची चकती

मी एक जुनी चहाची चकती आहे. ताटलीएवढी गोल, विटेसारखी घट्ट आणि काळपट. शहापूरजवळच्या शेणवे गावातल्या घरात मला पाहताच पहिला प्रश्न आला, "ही पेंड ढोरांना घालायची का?" मित्रांनो, माझा वैताग तिथपासून धरा.

माझा जन्म १९९६ सालचा, दक्षिण चीनमधल्या डोंगरातला. झाडांची पाने खुडून वाळवली, ओल्या ढिगात कापडाखाली दीड महिना आंबवली, वाफवली आणि दगडाखाली दाबली. मग कागदात गुंडाळून मला कसलाही वास नसलेल्या हवेशीर कोठारात आठ वर्षे ठेवले. तिथे मी नुसती जुनी होत गेले. तेच माझे काम होते.

२००४ च्या उन्हाळ्यात वाशिंदच्या एका कारखान्यातला फिटर हरेश नवे यंत्र शिकायला तिकडे आला. निघताना तिथल्या मिस्त्रीने मला त्याच्या हाती दिले आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. जेवणानंतर घेतले की पोट हलके वाटते, एवढाच त्याचा अर्थ. पण शेणव्याला पोहोचेपर्यंत मी साखरेच्या आजारावरचे औषध झाले होते.

हरेशच्या वडिलांना, सावळारामांना, सहा वर्षांपासून तो आजार होता.

"बाबा, तिकडची म्हातारी माणसं हेच पिऊन डोंगर चढतात."

"आमी नाय पिता चढतो," सावळाराम म्हणाले. पण रोजच्या गोळ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

हरेशच्या आईने, गीताबाईंनी, मला पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून चुलीवर टांगलेल्या टोपलीत ठेवले. सुकट आणि बोंबील तिथेच टिकतात. हिशेब बरोबर होता. फक्त मी शेजारचा वास पिते, हे कुणाला ठाऊक नव्हते. रोज कोयत्याने माझा तुकडा पाडायचा, दूध, आले आणि चार चमचे साखर घालून खळखळा उकळायचा. साखर उतरवायला चार चमचे साखर. मला तोंड असते तर मी काय काय बोलले असते.

शेजारच्या धोंडूबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "गीता, बोंबील टाकलास का गो यात?"

"औषध हाय ते. औषध कधी गोड लागतं का?"

"चार चमचे टाकलेस, तरी नाय लागत."

जुलैत लावणी करताना सावळारामांच्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला. त्यांनी फडके गुंडाळले आणि चिखलात उभे राहिले. पंधरा दिवसांनी सून सारिकाने ते फडके सोडले. अंगठा काळा पडला होता. तिने गोळ्यांचा डबा उघडला. दोन महिन्यांच्या गोळ्या तशाच होत्या.

"बाबा, हे काय?"

"चहा चालू हाय ना. दोन दोन औषधं कशाला?"

त्याच दिवशी त्यांना शहापूरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई हरेशला म्हणाल्या, "आणखी आठवडा थांबला असतात, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागला असता." अंगठा गेला. पाय वाचला.

घरी परतल्यावर हरेशने मला टोपलीतून काढले आणि उकिरड्याकडे निघाला. सारिका आडवी आली. "चहानं काय सांगितलं नव्हतं. सांगितलं तुमी."

हरेशने मला तिच्या हाती दिले. सारिकाने माझ्या कागदावरची चहा करण्याची चित्रे नीट पाहिली. माझ्या तुकड्यावर गरम पाणी ओतले आणि ते पहिले पाणी टाकून दिले. निम्मा बोंबील त्यातच गेला. पुन्हा पाणी ओतले, थोडे थांबून गाळले. दूध नाही, साखर नाही. पण कप देण्याआधी तिने सासऱ्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

"कसा लागतो?" तिने विचारले.

"खाचरातल्या वल्ल्या मातीसारखा." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "बोंबील हाय अजून. पण बरा हाय."

इतक्या दिवसांत माझी खरी चव पहिल्यांदा कुणी ओळखली.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, मासळीपासून लांब. माझे पहिले पाणी टाका. जेवणानंतर खुशाल प्या. पण मला चहाच राहू द्या. डॉक्टरांची गोळी माझ्या भरवशावर सोडू नका. मी आता तळहाताएवढी उरले आहे. सारिकाने मला फळीवर ठेवले आहे आणि माझ्या पुढ्यात गोळ्यांचा डबा, तो हलवल्याशिवाय मी हाती येतच नाही. सावळाराम रोज जेवून तिथवर येतात, नऊ बोटांवर तोल सावरत, आणि आधी डबा उघडतात.