दादूचे दोन माईक

या, असे जवळ या. सतरंजीवर जागा आहे, मांडी घालून निवांत बसा. पांडुरंगाच्या कृपेनं आज एका आवाजाची गोष्ट सांगतो. तो आवाज हरवला होता. सापडला कुठं ते कळल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा, आम्हीही पोट धरून हसलो होतो. मात्र शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं द्या म्हणजे झालं.

चाकणच्या पलीकडं आमचं गाव. देवळाच्या मागं आता कंपनीची भिंत आहे. काकडा संपतो न संपतो तोच पहिल्या शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजतो. आमच्या गावानं खूप बुवा ऐकले, लांबलांबून आलेले ऐकले, पण उद्धवराव बुवा ते उद्धवराव बुवाच. नमनाला उभे राहिले की पोरं रांगायची थांबायची. निरूपण करता करता मध्येच असे गाऊ लागायचे, की बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते कळायचंच नाही. मी त्यांच्या मागं टाळ घेऊन उभा राहायचो. त्यांची पाठ बघत माझी हयात गेली असं म्हटलं तरी चालेल, आणि त्याचं मला सुखच आहे.

गेल्या साली बुवांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. देवानं जीव ठेवला, आवाज घेतला. आता बुवा गळ्यात पाटी अडकवून असतात, काय सांगायचं ते खडूनं लिहितात. आणि ज्या माणसाला देवळाशिवाय करमायचं नाही, तो देवळाच्या वाटेनं जायचा बंद झाला.

मार्गशीर्षात आमच्याकडं सप्ताह असतो. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभं राहायचं, हा नेम. पहिली वीणा बुवांची, हाही नेमच. मंडळाचे अध्यक्ष सोपानराव विचारायला गेले. म्हणाले, "बुवा, वीणा धरायला गळा लागतो, आवाज न्हाई लागत."

बुवांनी पाटीवर लिहिलं, 'मुक्याच्या गळ्यात वीणा शोभत नाही. दुसरा बघा.'

सोपानराव तोंडाचे फटकळ, पण त्या दिवशी टोपी उचलून उठले. जाताना कौशल्यावहिनींना हळूच म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबतो. मग दुसरं नाव लावावं लागंल, वहिनी."

कौशल्यावहिनी म्हणजे बुवांच्या मंडळी. त्यांनी मनाशी एकच धरलं होतं. यांनी आपलं कीर्तन एकदा ऐकलं, तर पाय आपोआप देवळाकडं वळतील.

ऐकायचं तर होतं काय? एकच कॅसेट. आमच्या टाळकऱ्यांत दादू म्हणून एक होता. वायरी, बॅटऱ्या, टेप यांचा भारी नादी. एका सप्ताहात त्यानं बुवांचं काल्याचं कीर्तन भरून घेतलं होतं. दादू पुढं देवाघरी गेला, कॅसेट राहिली. वहिनींच्या सुनेनं, स्वप्नालीनं, ती दिवाळीनंतर राजगुरुनगरच्या एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून आणली. तिथं ती शेवटची वाजली आणि फीत तुटली. म्हणजे आता बुवांचा आवाज साऱ्या जगात कुठं असेल, तर सुजितच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, कॉम्प्युटरमध्ये.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी. दुपारी जेवणं उरकली आणि आम्ही सगळे बुवांच्या घरात जमलो. बुवा खुर्चीत. सुजितनं सुरू केलं.

काय सांगू! मृदंग असा धडाडला की मांडणीवरची पातेली वाजली. पत्रा थरथरला. टाळ म्हणजे कुणी खिळ्यांचा डबा उपडा केलाय. आणि बुवांचा आवाज? विहिरीच्या तळातून कुणीतरी कण्हतंय, बस्स, तेवढाच.

बुवांनी थोडं ऐकलं. पाटी घेतली, लिहिलं, 'आवाज तेव्हाच निघाला होता वाटतं.' खाली लिहिलं, 'पुसून टाका ते.' आणि उठून अंगणात जाऊन बसले.

वहिनींचा चेहरा बघवेना. सुजित म्हणाला, "अगं आई, आवाज वाढवला तर येईल वर."

"आता आणिक वाढवतोस?" स्वप्नाली म्हणाली. "शेजारच्यांची म्हैस दूध द्यायची बंद होईल. सरका तुम्ही."

ही पोरगी चाकणला गाड्यांच्या काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी तपासते. बंद खोलीत बसून दिवसभर मोटारींचा आवाज ऐकायचा, जरा खरखर आली की ती मोटार बाजूला. तिनं आधी कॉम्प्युटरमधली सुजितची कलाकारी मोडली. त्यानं गणपतीतल्या डीजेसाठी बास पार वर चढवून ठेवला होता, शिवाय 'हॉल इफेक्ट' का काय तेही लावलेलं. ते सगळं तिनं बंद केलं. मृदंग माणसात आला. मग स्पीकर. मोठा वूफर लोखंडी कपाटाला टेकलेला, एक छोटा स्पीकर कपाटावर, दुसरा खिडकीत पडद्यामागं. तिनं वूफर खाली घोंगडीवर घेतला, छोटे दोन्ही टेबलावर अंतरानं मांडले, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला. समोरच्या उघड्या भिंतीवर वहिनींच्या दोन गोधड्या टांगल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"काका, रिकाम्या भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि दुसऱ्या आवाजावर चढतो. गोधडी त्याला खाऊन टाकते."

पुन्हा लावलं. आणि देवा, टाळ! माझा टाळ मला ओळखू आला. प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ. खिळ्यांचा डबा गेला आणि देऊळ आलं. पण बुवा? बुवा अजून विहिरीतच.

सुजित म्हणाला, "भरतानाच गडबड झाली असंल. आवाज नाहीच आलेला कॅसेटवर. आता काय करणार?"

वहिनी इतका वेळ डोळे मिटून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "गप रं जरा. हे टाळकरी कुणाला साथ देतायत?"

"म्हणजे?"

"मागनं म्हणतायत ते. कुणीतरी म्होरं म्हणतंय, म्हणून हे मागं म्हणतात. आन् बघ, मध्येच थांबतायत. तिथं ते लांबवायचे, मला ठावं हाय. ते हायेत तिथं. आवाज न्हाई, पर जागा हाय त्यांची." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तिथं व्हता. दादूनं माईक कुठं लावला व्हता?"

आणि मला दादू डोळ्यासमोर दिसला. बुवांच्या पुढच्या खांबाला सुतळीनं माईक बांधणारा. आणि मग खिशातून दुसरा काढणारा! त्या वेळी सोपानराव त्याला म्हणाले होते, "दादू, बुवा एक, तोंड एक. तुला दोन माईक कशाला रं? एक सासरी द्यायचाय का?" सगळे हसले होते. दादूही हसला होता. म्हणाला, "माणसाला कान दोन हायेत, सोपानराव." आणि त्यानं दुसरा माईक मृदंगाजवळ बांधला होता.

मी हे सांगितलं मात्र, स्वप्नाली ताडकन उठली. "दोन माईक! म्हणजे बुवा एका बाजूला आणि मृदंग दुसऱ्या बाजूला भरलाय. आपल्याला एकच बाजू ऐकू येतीय." तिनं एका छोट्या स्पीकरला कान लावला. दुसऱ्याला लावला. "हा बघा, हा मुकाच आहे. वूफरच्या दणक्यात आपल्याला कळलंच नाही."

तिनं दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. मुका बोलायला लागला, बोलका मुका झाला. म्हणजे स्पीकर ठणठणीत. खोट कॉम्प्युटरकडूनच येत होती. तिनं कॉम्प्युटर बंद करून फिरवला. मागं वायर खुपसायचं हिरवं भोक असतं, त्यातली पिन काढली आणि मोबाइलची बॅटरी मारली. बघते तर आत लालभडक.

"सुजित, हे काय आहे हो?"

सुजित वाकला. मी वाकलो. आत कुंकू होतं. चांगलं दाबून बसवलेलं. आणि तळाशी तांदळाचा एक दाणा.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगं बया! दसरा!"

खंडेनवमीला आमच्याकडं नांगर पुजतात तशा मशिनीही पुजतात. कंपनीत प्रेसच्या बटणाला कुंकू लागतं, घरी मिक्सरला, शिलाई मशिनीला. सुजितनं त्या दिवशी सगळ्या वायरी काढून कॉम्प्युटर पुसून ठेवला होता. वहिनींनी ओल्या बोटानं त्याला हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या.

"पण आई, भोकात?"

"मला काय म्हाईत! म्हटलं देवाचं ऐकवतंय ते, त्याचं कान असतील. कानाला आधी लावलं. हिरव्याला जरा जास्तीच लावलं, रंग बरा दिसला."

स्वप्नाली हसता हसता खालीच बसली. "अहो आई, तुमच्या भक्तीनं पिन पुरती आत बसतच नव्हती!"

बाकी काम तिनं हसू आवरत केलं. लाकडी काडीनं दाणा अलगद बाहेर काढला, कोरड्या ब्रशनं कुंकू झाडलं, पिन पुसली. पिन आत गेली तेव्हा कट असा आवाज झाला. दाणा वहिनींनी देवापुढं नेऊन ठेवला.

"आप्पांना बोलवा," स्वप्नाली म्हणाली. सासऱ्यांना ती आप्पा म्हणते. वहिनी दारात गेल्या. "अहो, एकडाव या. मग पुसा काय पुसायचं ते."

बुवा आले, पण खुर्चीत बसले नाहीत. दाराशीच उभे राहिले. तेवढ्यात सोपानरावही उत्तर न्यायला आले आणि त्यांच्या मागं थांबले.

स्वप्नालीनं सुरू केलं.

उजवीकडून मृदंग. आणि डावीकडून, काही अंतरावर, अगदी माणूस उभं असावं तिथून, बुवा! आधी घसा साफ केला ते ऐकू आलं. मग 'रामकृष्णहरी' म्हणताना घेतलेला श्वास. मग तो आवाज उठला. भरलेला, मोकळा, पत्र्याला लागून वर गेलेला. बुवांनी तो सूर लांबवला, लांबवला, आणि आम्ही मागं थांबलो होतो ती जागा आता रिकामी नव्हती. त्यांच्या पायातला चाळ वाजला तोसुद्धा ऐकू आला. सोपानरावांनी दारातच हात जोडले. मला तर वाटलं मी पुन्हा त्यांच्या पाठीमागं उभा आहे.

बुवा हलले नाहीत. मग गजराला मृदंग दुडकीत, दुप्पट लयीत आला, आणि बघतो तर बुवांचा उजवा पाय ताल धरतोय. देव्हाऱ्याशेजारी टांगलेल्या चिपळ्या त्यांनी काढल्या. वाजवल्या. समोर स्पीकरमधून तेच गात होते आणि इथं तेच साथ करत होते. ओठ हलत होते, डोळे वाहत होते, चिपळी मात्र एकदाही चुकली नाही. वहिनी टाळ्या वाजवत होत्या, सुजित वाजवत होता, आणि मी माझ्याच जुन्या टाळाला साथ द्यायला टाळ शोधत होतो.

गजर थांबला. बुवांनी पाटी पुसली. लिहिलं, आणि ती सोपानरावांपुढं धरली.

'पहिली वीणा माझी. नमन याचं लावा.' म्हणजे कॉम्प्युटरमधल्या उद्धवरावांचं. आणि खाली: 'माईक दोनच लावायचे.'

सोपानराव डोळे पुसत म्हणाले, "दोन काय, चार लावतो बुवा. पर ह्या वहिनींना कुंकवाचा करंडा घेऊन जवळ येऊ द्यायचा न्हाई."

सप्ताह बसला. स्वप्नालीनं तिच्या हातानं स्पीकर मांडले, दोन्ही गोधड्याही देवळात गेल्या. पहाटे बुवा गळ्यात वीणा घालून उभे राहिले, ताठ, पहिल्यासारखे. त्यांचंच नमन घुमलं, आणि पहिल्या शिफ्टला निघालेली पोरं बस सोडून देवळाच्या पायरीवर बसली. बुवा मुके आहेत असं त्या सकाळी कुणी म्हटलं असतं, तर गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आता माझं मागणं. तुमच्याकडं कीर्तन होईल, बुवांना हार पडतील, मृदंगवाल्याची वाहवा होईल. ती व्हावीच. पण तिथं कुठंतरी खांबाआड एखादा वायरी घेऊन बसलेला दिसेल, लोक त्याची थट्टा करत असतील. त्याला पाणी विचारा. आणि त्याच्यातच आमच्या दादूला ओळखा, ज्यानं हसत हसत दुसरा माईक बांधला होता. कीर्तन संपून हात जोडाल ना, तेव्हा देवाच्या नावानंतर एकदा त्याचंही नाव घ्या. दादू.