बाल्कनीतली पाच मिनिटं

तिने दोरीवरचे ओले टॉवेल ओढून वॉशिंग मशीनमध्ये कोंबले आणि दार गुडघ्याने दाबून बंद केलं. संध्याकाळी घर बघायला येणारी मंडळी आत्ताच त्यांच्या घरून निघाली होती. वीस मिनिटांत पोचतील, असा एजंटचा फोन होता. शेवटी तो घुटमळत म्हणाला होता,

"ताई, वडिलांना जरा आवरा. आधीच्या दोघांचं तिथेच बिनसलं."

हे तिच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. दोन्ही वेळा लोकांना घर पसंत पडलं होतं. मग अप्पा त्यांना 'हवा बघा इथली' म्हणत बाल्कनीत घेऊन गेले, दार लोटून पाच मिनिटं बोलले, आणि त्यानंतर त्या लोकांनी एजंटचा फोन उचलला नाही.

अप्पांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि राहिले मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आता त्यांच्या गुडघ्यांना तीन मजले झेपत नव्हते. घर विकायचं, अप्पांनी दादाकडे जायचं आणि तिने हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये, असं ठरलं होतं. ती तिथल्या लॅबमध्ये होती. क्वार्टरचं तिनेच घरात सांगितलं होतं.

"अप्पा, तुम्ही जरा खाली फिरून येता का?"

"गुडघा धरलाय."

कालच हाच गुडघा घेऊन ते दुपारभर कुठेतरी भटकून आले होते. विचारलं तर 'मित्राकडे' म्हणाले. आज दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. ज्याला घर सोडवत नाही, त्याने एवढं नटायचं कशाला?

तिने सिंकमधली भांडी ओव्हनमध्ये लपवली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा पलंगाखाली सारला. भिंतीवरच्या ओलीपुढे कपाट सरकवायला गेली, तर अप्पांनी न सांगता दुसरी बाजू धरली. तिला ते जास्तच खटकलं.

"वरून गळतं, हे सांगत बसू नका हं त्यांना."

"मी कशाला सांगू?" अप्पा म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

बेल वाजली. एक बेकरीवाला आणि त्याची बायको आले होते. बायकोने नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या, नवऱ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात अप्पा उठलेच.

"या, हवा बघा इथली."

तिने ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास ठेवले आणि ट्रे घेऊन ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. ही खिडकी बाल्कनीतच उघडत होती. आज रंगेहाथ पकडायचंच.

"घर चांगलं आहे," अप्पा म्हणत होते. "किंमतही मी थोडी कमी करतो. फक्त मागची लहान खोली माझ्या मुलीला भाड्याने द्या."

"पण त्यांना क्वार्टर मिळतंय ना?" बेकरीवाला म्हणाला. "एजंट तसं म्हणाला."

"ती तसं सांगते. आधीपासूनच मला शंका होती. काल दोन बस बदलून तिच्या हॉस्पिटलात जाऊन विचारलं. तिथे कुणालाच क्वार्टर देत नाहीत. मी दादाकडे निर्धास्त जावं म्हणून थाप मारलीये तिने." अप्पांचा आवाज खाली आला. "तिला बोलू नका. कळलं तर मला असं कुणाला विचारूच देणार नाही."

तिने ट्रे ओट्यावर टेकवला.

"काका, आमची दोन मुलं आहेत," बायको अवघडून म्हणाली. "ती खोली लागेल हो आम्हाला."

"हो, हो. आपलं विचारलं."

'कळवतो' म्हणून ती दोघं निघून गेली. तिने दार लावलं. अप्पा अजून बाल्कनीतच होते, कठड्याला धरून.

"काय सांगितलंत त्यांना?"

"गळतीचं सांगितलं," अप्पा म्हणाले. "राहवलं नाही गं. चिडू नकोस."

ती चिडली नाही. आत जाऊन पाण्याचा एक ग्लास आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"पुढच्या वेळी कुणी आलं ना," ती म्हणाली, "की मीपण येते बाल्कनीत. खोलीचं दोघं मिळून विचारू."

अप्पांनी ग्लास ओठांपर्यंत नेला, आणि ते तसेच तिच्याकडे बघत राहिले.