देवकीला काय लागते

“समुपदेशनादरम्यान सदर विद्यार्थिनीने मद्यसेवनाच्या सवयीची कबुली दिली. पालकांशी विचारविनिमय होऊन तिने स्वेच्छेने वसतिगृह सोडले. इतर मुलींवर होऊ शकणारा अनिष्ट परिणाम त्यामुळे टळला.”

भिवंडीतील एका शिक्षणसंस्थेच्या १९८९ सालच्या अहवालातील ही वाक्ये. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक फक्त मजकुरात आहे, आणि ‘सदर’ हा शब्द वगळला तर ती सर्वत्र आहे.

‘समुपदेशन’ या शब्दापासून सुरुवात करू. त्या काळी शहरात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, धास्ती होती. लूमच्या शेडांमागे, पानाच्या गाद्यांच्या आडोशाला कोणाकोणाची मुले डोळे मिटून बसलेली दिसत. त्यांपैकी बरीचशी संस्थेच्या आजीव सभासदांची होती. त्यामुळे त्यांच्या व्यसनाला घरी ‘अभ्यासाचा ताण’ असे नाव होते. तरीही काहीतरी करणे भाग होते. म्हणून खेळाचे साहित्य ठेवायच्या खोलीतून लेझीम आणि डंबेल्स हलवण्यात आले आणि तेथे मार्गदर्शन कक्ष सुरू झाला. भिंतीवर आंब्याच्या आढीचे रंगीत चित्र लागले. मधला एक आंबा काळा होता आणि खाली लिहिले होते, ‘एक नासका, सगळी आढी नासवी’. कक्ष श्रीनाथसरांकडे सोपवला. सर मराठी शिकवत, व्याकरणात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, आणि ठाण्याच्या एका शिबिरात त्यांना समुपदेशनाचे प्रमाणपत्र मिळालेले होते. सभासदांची मुले कक्षाकडे फिरकली नाहीत. आढीला आंबा मिळेना.

तो दिवाळीनंतर मिळाला.

देवकी नववीत होती. शेलार गावाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला असलेल्या तिच्या पाड्यावरून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. वसतिगृह होते म्हणून पोचली. पाड्यावरून रोज येण्याजोगी वाट नव्हती, आणि आई राहीबाई राहनाळच्या गोदामात सुताच्या गाठी वाहत असे. वसतिगृह सुटले की शाळा सुटणार, हे देवकीला जितके ठाऊक होते तितकेच संस्थेलाही. तिचा बाप मंगळ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वारला होता. जूनमध्ये शाळेत तिला गणवेशाबद्दल विचारले गेले, पुस्तकांबद्दल विचारले गेले. बापाबद्दल विचारण्याची पद्धत नव्हती. त्याचे दिवस घालायचे ते भात घरात आल्यावर, दिवाळीनंतर ठरले. देवकी “घरी कार्य हाय” एवढे सांगून पाड्यावर गेली. वसतिगृहाने त्याचा अर्थ लग्न असा घेतला.

देवकीच्या आदिवासी समाजात मेलेल्या माणसाला वाटेला लावताना पळसाच्या पानाच्या द्रोणातून मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर पाडतात. थोरली मुलगी म्हणून ते देवकीने पाडले. अंगावर धड कपडा एकच होता, गणवेशाचा. बाही भिजली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मागच्या मुलीने नाक दाबले, आणि देवकीला मार्गदर्शन कक्षात नेण्यात आले.

तिथले संभाषण सरांनी नंतर कौतुकाने पुष्कळांना ऐकवले; म्हणून ते उपलब्ध आहे.

“घाबरू नकोस. इथे कोणी रागावत नाही. दारू लागते का?”

“लागते, सर.”

“रोज?”

“रोज न्हाय. कार्याला.”

“किती लागते?”

“माणसं बघून, सर. माणसं जादा आली तं जादा.”

“केव्हापासून?”

“पयल्यापासून. आज्याच्या आज्यापासून लागते.”

“आणि नाही मिळाली तर काय होतं?”

हा प्रश्न देवकीला खरोखर जड गेला असावा.

“बाप वाटंतच ऱ्हातो, सर.”

सरांच्या डोळ्यांसमोर रस्त्यात झिंगून पडलेला बाप उभा राहिला. अनुवंश, कुटुंबाचा प्रभाव, संगत अशी शिबिरात शिकवलेली सारी प्रकरणे एका मुलीत सापडली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटले, सरांना कळले. ती रडली. तो ‘पश्चात्ताप’ ठरला.

‘लागणे’ हे क्रियापद मराठीत फार कामे करते. ठेच लागते, तहान लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो. सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात. म्हणून यजमानाला केळ्यांचे व्यसन आहे असे भिवंडीत आजवर कोणी म्हटलेले नाही. ही सवलत सर्वांना नसते, एवढेच.

वसतिगृहाच्या अधीक्षिका शुभदाताईंना हा घोटाळा त्याच संध्याकाळी कळला, कारण त्यांनी देवकीला जवळ बसवून विचारले, “कोणाचं कार्य होतं गं?” त्या तडक सरांच्या घरी गेल्या. सर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

“सर, तिचा बाप मेलाय. ती दारू त्याच्या दिवसांची. पोरगी पीत नाही.”

सरांनी चष्मा काढला. कळले नाही असे म्हणता येणार नाही. चेहरा उतरला होता.

“मग तिनं तसं सांगायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“ताई, मी ‘दारू लागते का’ असं विचारलं. या वाक्यात दोष कुठे आहे ते दाखवा.”

“‘तुला’ हा शब्द नाही त्यात.”

“तो अध्याहृत आहे,” सर म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, “अण्णांना मी दुपारीच सांगून बसलोय. तुम्ही बोलून बघा. मी काही मध्ये येणार नाही.”

अण्णा म्हणजे संस्थेचे चिटणीस. त्यांनी शुभदाताईंना चहा दिला, बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हणजे पहिलीच केस, आणि तीच चुकीची? शुक्रवारी ठाण्याहून शिक्षण खात्याचे साहेब कक्ष बघायला येतायत. त्यांना काय दाखवू, आंब्याचं चित्र?”

“अण्णा, मुलीचं शिक्षण थांबेल.”

“ताई, दारू जमिनीवर ओतली काय, घशात ओतली काय. वास आला ना? बाकीच्या मुलींच्या आईबापांना मी पळसाचं पान समजावत बसू?”

“मी जबाबदारी घेते तिची. माझ्या खोलीत ठेवते.”

“खोली संस्थेची आहे,” अण्णा अत्यंत मृदूपणे म्हणाले. “चहा घ्या, निवतोय.”

‘पालकांशी विचारविनिमय’ दुसऱ्या दिवशी झाला. राहीबाई गोदामातून तशीच आली होती. केसांत कापसाचे तंतू होते. तिला व्हरांड्यात उभे केले. देवकीची पत्र्याची पेटी तिथे आधीच आणून ठेवलेली होती. स्वेच्छा नंतर यायची होती.

“बाई, मुलीला दारू लागते, ती कबूल झालीये,” अण्णा म्हणाले.

“लागतेच की,” राहीबाई म्हणाली. “दारूबिगर कसा जाईल तो?”

अण्णांनी शुभदाताईंकडे पाहिले. पाहा, आईदेखील.

“राहीबाई, तसं नका म्हणू!” शुभदाताई पुढे झाल्या. “देवकीला लागत नाही, असं म्हणा.”

“तिला कशाला लागंल? ती काय मेलीय?” राहीबाई भडकली. “आमच्यात मेल्याला लागते. तुमच्यात जित्यांना लागते, ती आमची पोरं आणून देतात पिशवीतनं, मला काय ठावं न्हाय?”

व्हरांड्यातला शिपाई हसला. अण्णा हसले नाहीत. त्या एका वाक्याने, थोडी आशा होती तीही संपली. सर आढीच्या चित्राखाली बसून होते; दार उघडे होते. देवकीने आत जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला, कारण जाताना करायचा असतो. त्यांनी आशीर्वाद दिला. नेहमीचाच, ‘विद्यावंत हो’.

शुक्रवारी साहेब आले, समाधान व्यक्त करून गेले.

शुभदाताईंनी पुढे दोनदा अर्ज केले, एकदा ठाण्याला जाऊन आल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच गोष्ट सौजन्याने विचारण्यात आली, की मुलीने कबुली दिली होती की नव्हती. दिली होती.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या एका नातेवाइकाकडे काल्हेरला गेल्या होत्या. गोदामांच्या रस्त्याला ट्रक लागलेले होते आणि बायका गाठी उतरवत होत्या. त्यांत देवकी होती. ती रुंद झाली होती आणि एका खांद्यात कलली होती. ताईंना पाहून ती हातातला पेला पाठीमागे लपवू लागली, मग लपवायचे सोडून दिले. वास दोघींनाही ओळखीचा होता.

“देवकी, हे काय गं? तू तर कधी…”

“गाठी उतरल्या का अंग धरतं. झोप येत न्हाय. मुकादम देतो समद्यांना, मजुरीतनं कापतो.”

मागून मुकादमाने हाक मारली, “ए शाळा, चल!” तिथे तिचे नाव तेच पडले होते. देवकी वळली, पेला रिकामा केला आणि जाता जाता, जणू अहवालात दुरुस्ती सुचवावी तशा सरळ आवाजात म्हणाली,

“तवा न्हाय लागत व्हती, ताई. आता मला लागते.”