इंगेलिसेचा पुरावा

"कुठे लिहिलंय ते दाखव," परीक्षक प्रेबेन म्हणाला आणि त्यानं पुस्तक इंगेलिसेपुढे सरकवलं.

इंगेलिसेची पन्नाशी उलटलेली. अर्धं आयुष्य मासळीच्या कारखान्यात हेरिंग साफ करण्यात गेलं. बोटं आखडायला लागली, तेव्हा तिनं वृद्धाश्रमातल्या शुश्रूषेचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. त्यासाठी आधी डॅनिशची ही तोंडी परीक्षा पास व्हायला हवी. नाहीतर आहेच पुन्हा हेरिंग. दोन गोष्टी वाचायच्या, त्यांतलं साम्य सांगायचं आणि ते मजकुरातून सिद्ध करायचं. साम्य तर तिला एका वाचनात सापडलं होतं. दोन्हीकडे आईबाप खोटं बोलतात, पोर येत नाही हे लपवायला.

पहिल्या गोष्टीतला म्हातारा शेजाऱ्यांना सांगतो, मुलगा कामात आहे. ती ओळ तिनं बोट ठेवून वाचली. दुसरीतली बाई दर शनिवारी मुलाच्या पलंगावरची चादर धुते, अंगणात वाळत घालते, बस.

"यात खोटं कुठाय? बाई टापटिपीची आहे, एवढंच."

"त्या पलंगावर कुणी झोपतच नाही. तरी धुते. शेजारणींना दिसावं म्हणून."

"शेजारणींना दिसावं म्हणून, असं लिहिलंय?"

तिनं पानं चाळली. "नाही."

"मग तुला कसं कळलं?"

शिक्षिका डोर्टे टेबलाकडे बघत राहिली. आधी विधान, मग ओळ, मग अर्थ, हे वर्षभर तिनंच घोटून घेतलं होतं.

"मीही तेच करते, म्हणून कळलं," इंगेलिसे म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेबेन हसला. "तुझ्यावर कुणी गोष्ट लिहिली, की लावू आपण अभ्यासाला."

तिला बाहेर पाठवलं, दोघांनी आपसात ठरवलं आणि पुन्हा आत बोलावलं. नापास.

"तुझं म्हणणं बरोबर असेलही गं," डोर्टे म्हणाली, "पण पुरावा नाही ना."

बाहेर नुसती जत्रा. शेवटची परीक्षा म्हटल्यावर प्रत्येकाची माणसं फुलं आणि अभिनंदनाचे कागदी झेंडे घेऊन दाराशी हजर. "मी येतो गं आई, झेंडा घेऊन," असं येप्पे फोनवर म्हणाला होता. इंगेलिसेनं सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली. तिचं एकही नव्हतं.

"झालीस का पास?" लेकीसाठी थांबलेल्या एका बाईनं विचारलं.

"नाही झाले."

"अगंबाई. आणि एकटीच आलीस?"

"छे, मुलगा आलाय ना. खाली गाडी लावतोय. जागाच मिळत नाही मेली."

बाईनं सहज खिडकीतून खाली पाहिलं. बाकीच्या वर्गांना सुट्टी असल्यामुळे गाड्या लावायचं अर्धं आवार मोकळं होतं. हातातल्या झेंड्यांतला एक तिनं इंगेलिसेला दिला.

इंगेलिसेनं तो घेतला आणि ती जिन्याकडे तोंड करून उभी राहिली.