मारोतरावांची होडी

"तुमी मारोतराव?" रोशनने दुसऱ्यांदा विचारलं. "मले वाटलं, मारोतराव म्हंजे मिशावाला बुढा असन. पेन्शनवाला."

"पेन्शनले अजून पाच वर्षं आहेत," प्रेमिला मेश्राम म्हणाली. "आन मिशा गेममध्येच ठेवल्या. घरी सांभाळाले जड जातात."

हॉलभर हशा पिकला. धंतोलीतल्या त्या हॉलमध्ये 'सातघाट'चे साठ खेळाडू जमले होते. तर्रीपोह्याची प्लेट हाती यायच्या आधीच प्रेमिलाने डोकी मोजली होती. एक्केचाळीस पंचविशीच्या आतले, अठरा नोकरीला लागून केस गळू लागलेले, आणि तिच्या वयाची ती एकटी.

सातघाट हा फोनवरचा ऑनलाइन खेळ. ज्याने त्याने लोहार, वैद्य, दरोडेखोर असं काही व्हायचं आणि एका राज्यात नांदायचं. राज्याच्या मधोमध नदी. ती ओलांडायला होडीतून चार मिनिटं लागत आणि होडी कोणातरी खेळाडूलाच वल्हवावी लागे. लढाया सोडून वल्ही मारायला कोण बसणार? आठ वर्षांपूर्वी प्रेमिला बसली, मारोतराव हे नाव घेऊन. मौद्याच्या एका सरकारी कार्यालयात ती आवक-जावक लिपिक. सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलं की तिची होडी सुटे.

चार मिनिटांत उतारूंना करायला काहीच नसे, म्हणून ते बोलत. मिशावाल्या म्हाताऱ्याला काय काय टाइप करून सांगत. आणि प्रेमिला, हाडाची कारकून, प्रत्येक फेरीची रजिस्टरमध्ये नोंद घेई : क्रमांक, तारीख, प्रवासी, शेरा.

आता खेळाच्या कंपनीला 'झेप' आणायची होती. बटण दाबलं की पैलतीर. त्यावरून सातघाटात उभी फूट पडली होती, म्हणून आज मतदान ठेवलं होतं. 'होडी वाचवा' म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारे अकरा जण पहिल्या रांगेत बसले होते. त्यातले सात गेल्या दिवाळीपासून होडीत चढलेच नव्हते. रजिस्टरला ते ठाऊक होतं.

झेपवाल्यांचा पुढारी रोशन. खेळातलं नाव वाघनख, छातीवर चिकटवलेलं.

"चार मिनिटं, काकू! तेवढ्यात दोन लढाया होतात. लोक गेम सोडून राहिले. नवे आले तर गेम जगन. तुमची होडी पाहून कोणी येते का?"

"आलेला थांबते काहून, ते विचार न गा."

तिने पिशवीतून रजिस्टर काढलं.

"हे काय, पुरावा आणला का?" रोशन हसला.

प्रेमिलाने पान उघडलं. जून महिना, तीन वर्षांपूर्वीचा. प्रवासी : वाघनख. एका सकाळी सलग एकोणीस फेऱ्या, पलीकडे काही काम नसताना. शेऱ्यात तिचंच अक्षर : 'वडील गेले. घरी रडता येत नाही म्हणतो.' त्या दिवशी एसटी मौद्याला पोचली तरी ती स्टँडच्या बाकावर बसून वल्हवत राहिली होती. तिच्या नोकरीतला तो एकमेव लेट मार्क.

एवढं मोठ्याने वाचलं असतं तर हॉल फिरला असता. समोर उभ्या रोशनने उलट्या बाजूने आपलं नाव वाचलं. त्याचं हसू गेलं.

"वाचा न, मॅडम!" पहिल्या रांगेतून कोणी ओरडलं.

प्रेमिलाने रजिस्टर मिटलं. "होडीतलं होडीत. आकडा सांगा म्हणसान तर सांगते. अकरा हजार चारशे सहा माणसं नेली. एकही बुडाला नाही. आता घ्या मत."

हात वर झाले. कंपनीच्या भैरवीचं मोजून व्हायच्या आत प्रेमिलाचं झालं होतं. झेपेला अडतीस. त्यात रोशनचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला, पण गेला.

"मॅडम, होडी आता काढावी लागेल," भैरवी नरमाईने म्हणाली. "पण घाटावर आम्ही मारोतरावांचा पुतळा उभारणार आहोत. मिशांसकट."

"पुतळा मेल्यावर, बाई. मी जित्ती आहे न! तुमाले झेपा माराच्या त मारा. घाटावरून मी उठत नाही."

"पण कोणी बसणारच नाही होडीत..."

"मी बसते न," प्रेमिला म्हणाली.

भैरवीने रोशनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "राहू द्या होडी. ती कोणाच्या आड येऊन राहिली?"

सोमवारी एसटी पारडी नाक्याच्या गर्दीतून बाहेर पडली तेव्हा प्रेमिलाने फोन उघडला. घाट मोकळा होता. डोक्यावरून एकामागून एक माणसं पैलतीराकडे झेपावत होती. कोणी खाली पाहत नव्हतं. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग मांडीवर रजिस्टर घेऊन नोंद केली : 'प्रवासी : निरंक.' शेऱ्यापाशी पेन जरा थांबलं.

'होडी वेळेवर सुटली,' तिने लिहिलं, खाली सही केली आणि वल्हं हाती घेतलं.