चार इस्पिक

सुलाबाई गांगुर्डेंनी आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडली. सहा इस्पिकं, एक्का-राजासकट, सगळ्यांत पुढे. असे पत्ते वर्षातून एखाद्या वेळी हाती येतात, आणि ते नुसते मांडून ठेवायला यावेत, याची त्यांना मनस्वी चीड आली. बोलीत त्या इस्पिक म्हणाल्या होत्या, म्हणजे इस्पिक हुकूम. समोर बसलेले त्यांचे भागीदार निवृत्ती आहेर बिनहुकमी म्हणाले, म्हणजे हुकूमच नको. सुलाबाईंनी पुन्हा तीन इस्पिक म्हटलं, तर आहेर लगेच तीन बिनहुकमी. आता चार इस्पिक म्हणायचं तेवढं बाकी होतं. म्हटलं असतं तर डाव सुलाबाईंनी खेळला असता. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला. त्या ‘पास’ म्हणाल्या.

ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे भागीदार. बोली जिंकली की त्यांतला एक खेळतो. दुसऱ्याने पत्ते उघडे टाकून गप्प बसायचं, त्याला डमी म्हणतात. गेली नऊ वर्षं सुलाबाई बहुतेक डमीच होत्या.

ही स्पर्धा मात्र नेहमीची नव्हती. ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका क्लबात मिश्र जोड्यांची निवड चालली होती. प्रत्येक जोडीत एक बाई आणि एक पुरुष. तेच वाटलेले पत्ते पाळीपाळीने सगळ्या टेबलांवर फिरायचे. पहिली येणारी जोडी फ्रान्सला जागतिक स्पर्धेत खेळणार, आणि पाठवणार ब्रिजची संघटना. मुंबई-पुण्याच्या जोड्या बहुतेक नवराबायकोंच्या होत्या. एकाच कचेरीतला हेड ड्राफ्ट्समन आणि त्याच्या हाताखालची, नकाशे गिरवणारी ट्रेसर अशी जोडी एवढी एकच, आहेर आणि सुलाबाईंची. दोन दिवस खेळून, शेवटचा एक डाव उरलेला असताना, ही जोडी पहिल्या नंबरावर होती. सुलाबाईंनी पासपोर्टच्या अर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती, नवऱ्याला न सांगता. सायखेड्याच्या बौद्धवाड्यातली मुलगी पत्ते खेळायला फ्रान्सला जाते, हे आधी स्वतःला पटायला हवं होतं.

खेळ सुरू झाला. आहेरांनी चष्मा वर सरकवला आणि पत्त्यांवरची नजर न काढता ते म्हणाले, “सुलाबाई, घोटभर पाणी आणा.”

आणि सुलाबाई उठल्या.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही का उठलात? शेवटचा डाव, फ्रान्स हाताशी आलेलं, बसून राहायचं होतं. म्हणणाऱ्याला त्र्याहत्तर साल ठाऊक नाही. त्या साली ड्रॉइंग ऑफिसातल्या दुपारच्या ब्रिजला चौथा गडी कमी पडला, म्हणून आहेरांनी सुलाबाईंना खेळ शिकवला. दोन बैठकांत त्या शिकल्या. नकाशावरची रेघ न् रेघ ज्यांच्या डोक्यात राहायची त्यांना बावन्न पानं म्हणजे काय. पण त्यांच्या हातचा चहा घ्यायला टेबलावरचे दोघे जण कां-कूं करू लागले. एकाला म्हणे पित्त झालं होतं. तेव्हा आहेर सगळ्यांदेखत म्हणाले होते, “आजपासून स्टोव्ह सुलाबाईंकडे. ज्याला नको असेल त्याने घरून थर्मास आणावा.” आणि पहिला कप त्यांनी स्वतः उचलला होता. त्या दिवशी सुलाबाईंना रडूच आलं होतं. निफाडकडच्या एका बागाईतदाराच्या मुलाने हे करावं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

पण चहा करायचा तर कुणीतरी डमी हवं. मग आहेर बोली ओढून घ्यायचे आणि सुलाबाई पत्ते मांडून स्टोव्हकडे जायच्या. त्यांच्या वाटचे पत्ते आहेर स्वतःच ओढून खेळायचे. हळूहळू ती रीतच पडली. पुढे पित्तवाल्याची बदली झाली, नवी माणसं आली. सुलाबाई आहेरांपेक्षा चांगलं खेळतात हे सगळ्यांना दिसू लागलं, आहेरांनाही. रीत तेवढी तशीच राहिली. उपकाराची परतफेड कुठे संपते हे कुणी सांगत नाही, आणि ज्याच्यावर उपकार झालाय त्याने विचारायचंही नसतं. सुलाबाई आतल्या आत धुमसत आणि चहात आलं ठेचून घालत.

निवडीसाठी म्हणून त्यांनी नियमांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं होतं. डमीला खेळात तोंड उघडायला जवळजवळ बंदी. एकच खास हक्क दिला होता. खेळणाऱ्या भागीदाराने दुसऱ्याच रंगाचं पान टाकलं, तर ‘हा रंग नाही का तुमच्याकडे?’ असं डमी विचारू शकतो. वेळेत विचारलं तर चूक सुधारता येते. हे वाचून त्यांना बरं वाटलं होतं. निदान एक प्रश्न तरी आपला आहे.

पाण्याचा माठ दाराशी होता आणि तिथे रांग होती. त्या भांडं घेऊन परतल्या तेव्हा पाच हात होऊन गेले होते. त्या बसल्या आणि खेळाकडे पाहू लागल्या. आहेर बरं खेळत होते. तीन बिनहुकमीला लागतात तेवढे नऊ हात होतील असं दिसत होतं. ते झाले असते तर थोडक्यात का होईना, निभावलं असतं.

दहाव्या हाताला आहेरांनी बदामाची तिर्री टाकली. प्रतिस्पर्धी जोडीतल्या मुंबईच्या बाईंनी मान वर केली.

“तुम्ही मघाशी, चौथ्या हाताला, बदामावर चौकट टाकली होती.”

आहेरांनी पानाकडे पाहिलं. लालात लाल लपलं होतं. चौकटांच्या मागे बदामाची तिर्री राहून गेली होती, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय हे ते सहा महिने कुणाला सांगत नव्हते. पंच आले. झालेल्या नऊ हातांतले दोन काढून प्रतिस्पर्ध्यांना दिले गेले. पंचांनी रीतसर विचारलं, “डमीने विचारलं नाही?”

“बाई जागेवर नव्हत्या,” आहेर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. सुलाबाईंचे कान तापले. पाणी कुणी मागितलं ते सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण पंच लिहीत होते आणि लिहिल्यावर काही बदलणार नव्हतं. अर्ध्या तासाने फळ्यावर नावं लागली. पहिली जोडी पुण्याची होती, ही दुसरी.

उठताना मुंबईच्या बाई सुलाबाईंजवळ थांबल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, नवल होतं. “तुम्ही चार इस्पिक का नाही म्हणालात? बाकी सगळ्यांनी दहा हात केलेत त्यात.”

सुलाबाईंना उत्तर माहीत होतं, पण ते उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. त्या नुसत्या हसल्या, आणि त्या हसण्याचाच त्यांना राग आला.

हॉल रिकामा होऊ लागला. शिपाई खुर्च्या एकावर एक चढवत होता. आहेर दारापर्यंत जाऊन परत आले. “चला सुलाबाई. नाशिकरोडची बस जाईल. व्हायचं ते होऊन गेलं, नाय का. पुन्हा चार वर्षांनी असतेच निवड.”

चार वर्षांनी आहेर निवृत्त झालेले असणार होते.

सुलाबाई जागेवरून हलल्या नाहीत. शेवटच्या डावाचे पत्ते अजून खाचांच्या पाटात चार कप्प्यांमध्ये होते. त्यांनी आपले तेरा काढून हातात पंख्यासारखे धरले. आहेरांचे तेरा त्यांच्या जागेसमोर ठेवले.

“साहेब, बसा,” त्या म्हणाल्या.

“अहो, बस...”

“चार इस्पिक. पत्ते मांडा तुमचे.”

नऊ वर्षांत असा आवाज आहेरांनी ऐकला नव्हता. ते बसले. चाचपडत त्यांनी पत्ते रंगवार मांडले, आणि बदाम-चौकट पुन्हा एकत्र झाले तेव्हा सुलाबाईंनी हात लांबवून तिर्री वेगळी करून दिली. दोन्ही बाजूंच्या प्रतिस्पर्ध्यांची पानं सुलाबाईंनीच, ज्याने जे टाकलं असतं तसं उलटली. चार हुकूम ओढले. मग थोडा वेळ त्या विचारात थांबल्या. घाई करायला आता कुणी नव्हतं.

आहेरांचा हात सवयीने आपल्या किलवरच्या राजाकडे गेला.

“तो नको. मी सांगते ते टाका.”

त्यांनी हात मागे घेतला.

“किलवरची दुर्री,” सुलाबाई म्हणाल्या.

आहेरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि एकेका पानावर बोट ठेवत दुर्री शोधून टेबलाच्या मधोमध सरकवली.